क्लासची स्कॉलरशिप आणि डब्याच्या पिशवीतला व्हर्नियर

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. मिस्टर नऱ्ह्याला वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. मुलगी नववीत, मराठी मीडियम, अनुदानित शाळा. आठवीला तिला एनएमएमएसची स्कॉलरशिप लागली, आम्हाला खूप आनंद झाला, पण पैसे अजून आलेले नाहीत. यावर्षी सरांनी होमी भाभा विज्ञान परीक्षेला बसवलं, लेखी पास झाली पण प्रॅक्टिकलला राहिली. म्हणते बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर हातात दिला आणि मला काही वाचताच आलं नाही, बाकीची मुलं पटापट लिहित होती. आठवीची स्कॉलरशिपसुद्धा थोडक्यात गेली होती. आता म्हणते मला कुठलीच स्पर्धा नको. तिकडे एका क्लासने टेस्ट घेतली, त्यात तिला 40 टक्के स्कॉलरशिप मिळाली, फी 90 हजार आहे ती 54 हजारात बसते. 31 तारखेच्या आत भरायचेत. मिस्टर म्हणतात एनएमएमएसचे पैसे येणारच आहेत, आत्ता सोसायटीतून कर्ज उचलू आणि नंतर भरू. मला काही सुचत नाही. गणित मात्र ती आवडीने करते, पेपरातली कोडी सोडवत बसते. काय करू?
– एक आई, धायरी

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी 31 तारीख विसरा. मी पुण्यात 30 वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्या 30 वर्षांत दर जानेवारीत अशी एक 31 तारीख यायची, मग फेब्रुवारीत "फक्त तुमच्यासाठी मुदत वाढवलीये" असा फोन यायचा. तर तो ताण डोक्यावरून उतरवा आणि चहा ठेवा, कारण उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्या पत्रात स्कॉलरशिप हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरलाय आणि सगळा घोळ तिथेच झालाय, यात तुमची काही चूक नाही, सगळं पुणं असंच बोलतं. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आणि एनएमएमएस या दोन्ही सरकारी, दोन्ही इथेच पुण्यातली राज्य परीक्षा परिषद घेते, आणि त्यात मूल लागलं की पैसे मुलाकडे येतात. क्लासच्या स्कॉलरशिपमध्ये पैसे तुमच्याकडून जातात. तिला आपल्या तुळशीबागेत डिस्काउंट म्हणतात. साडीवर 40 टक्के सूट मिळाली तर आपण "मला शिष्यवृत्ती मिळाली" असं नाही ना सांगत कुणाला?

आता हिशोब बघा. एनएमएमएसचे महिन्याला 1,000, म्हणजे वर्षाला 12,000, नववी ते बारावी चार वर्षं. झाले 48,000. क्लासची सूट देऊन फी 54,000. म्हणजे पोरीने स्वतःच्या डोक्याने मिळवलेले चार वर्षांचे अख्खे पैसे एका वर्षाच्या क्लासमध्ये जाणार आणि वर 6 हजार खिशातून, शिवाय सोसायटीचं व्याज वेगळं. आणि ते पैसे अजून आलेले पण नाहीत! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशातली गत आहे. मिस्टरांना रागवू नका, बापाला वाटतं आपण पैसे उभे केले म्हणजे आपलं काम झालं, त्यात प्रेमच असतं, त्यांच्याबद्दल मी पुढे बोलणार आहेच.

आधी ती एनएमएमएस नीट सांभाळा कारण लागणं वेगळं आणि मिळत राहणं वेगळं, हे शाळेत पालकांना कुणी बसवून सांगत नाही. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर तिचा अर्ज भरला गेलाय का, शाळेने तो पडताळून पुढे पाठवलाय का, जिल्ह्याच्या पातळीवर तो पास झालाय का, हे सरांना आजच विचारा. अर्ज भरलाच नसेल तर पैसे आपोआप येत नाहीत, नुसतं यादीत नाव असून काही होत नाही. आणि हा अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो, दहावीत, अकरावीत, बारावीत. खातं तिच्या नावाचं हवं आणि आधारला जोडलेलं हवं, बँकेत जाऊन "सरकारी पैसे याच खात्यात येतील ना" असं स्पष्ट विचारा, कारण केवायसी झालं म्हणजे हे पण झालं असं आपल्याला वाटतं आणि तसं नसतं.

आमच्याकडे एक मुलगा होता, हुशार, वडील हमाल. त्याचे पैसे जवळपास दीड वर्ष अडकले. कारण काय तर इंग्लिश स्पेलिंगमध्ये आधारवर नावात एक ई आणि शाळेच्या रेकॉर्डला दोन ई. तो एक ई शोधायला मला चार चकरा लागल्या, आणि प्रत्येक खिडकीवर "आमच्याकडून क्लिअर आहे" हेच उत्तर. म्हणून सांगते, आज संध्याकाळी आधार, बोनाफाईड आणि पासबुक तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि तिलाच अक्षर न अक्षर जुळवायला सांगा. पैसे उशिरा येतात हे मात्र खरं आहे, त्याने घाबरू नका.

दोन अटी लक्षात ठेवा. नववीतून दहावीत पहिल्याच फटक्यात पास होऊन जायला हवं, आणि दहावीला किमान 60 टक्के हवेत तरच अकरावी-बारावीचे पैसे चालू राहतात. एससी-एसटीला यात 5 टक्क्यांची सवलत आहे. तुमच्या मुलीला 60 चं काही वाटणार नाही. खरी गंमत अकरावीत होते आणि ती कुणालाच माहीत नसते. एनएमएमएस फक्त सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळा-कॉलेजातल्या मुलांना आहे. आणि पुण्यात काय पद्धत पडलीये, तर क्लासवाले सांगतात आमच्या टायअपच्या कॉलेजला नाव घाला, कॉलेजला यायची गरज नाही, हजेरी आम्ही बघतो. इंटिग्रेटेड म्हणतात त्याला. ती कॉलेजं बहुतेक विनाअनुदानित असतात. तिथे ॲडमिशन घेतली की शिष्यवृत्तीवर पाणी. म्हणजे आत्ता 54 हजार भरून तुम्ही ज्या रस्त्याला लागाल तो रस्ता पुढे जाऊन तिचे अकरावी-बारावीचे 24 हजार पण घालवू शकतो. मोठमोठ्या नावाच्या कॉलेजातसुद्धा एकाच बिल्डिंगमध्ये एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते, तेव्हा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना पसंतीक्रमात कॉलेजच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचायचं. नुसतं नाव बघून खूश व्हायचं नाही.

अजून एक, क्लासचं माहितीपत्रक घरात असेलच. त्यात एनटीएसईची तयारी असं छापलंय का बघा जरा. एनटीएसई म्हणजे एनसीईआरटीची दहावीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, एकेकाळी फार मोठी गोष्ट होती, अकरावी-बारावीला महिना 1,250 आणि पुढे पदवीला 2,000 मिळायचे, पेठेतल्या शाळांच्या फलकावर नावं लागायची. ती 2021 नंतर थांबली. केव्हीपीवाय ही विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा होती, 2022 मध्ये ती पण इन्स्पायर योजनेत विलीन केली. तरी काही पत्रकांवर दोन्ही नावं अजून झळकतात. थांबलेल्या परीक्षेची तयारी करून घ्यायचे कुणी पैसे मागत असेल तर बाकीच्या आश्वासनांवर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता पोरीकडे येते.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ही मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना 1981 पासून घेते, फक्त सहावी आणि नववीला. आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखीतूनच बरीच मुलं गळतात. तिथवर मराठी शाळेतली, बिनक्लासची मुलगी पोचली हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, "पण राहिली" म्हणून. मला वाटतं घरात पण असंच म्हटलं गेलं असणार. तिच्यासमोर हे पुन्हा, नीट, पूर्ण वाक्यात म्हणा की तू लेखी पास झालीस. एवढंच. लगेच "आता पुढच्या वेळी" असं काही जोडू नका, कारण एकतर नववीनंतर या परीक्षेला पुढची वेळ नसते, आणि दुसरं म्हणजे तिला कळतं ना, की कौतुक कुठे संपलं आणि ढकलणं कुठे सुरू झालं.

आठवीची स्कॉलरशिप थोडक्यात गेली म्हणालात. ती परीक्षा 300 मार्कांची असायची आणि आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असायचे, दोन्ही गोल काळे केले तरच मार्क. एक बरोबर लिहून मार्क गेले असं सांगणारी कितीतरी मुलं माझ्यासमोर रडलीयेत. आणि ती गणितात कच्ची नव्हती हो, त्यांनी सूचना वाचली नव्हती. तुमच्या लेकीचं नेमकं काय झालं मला माहीत नाही पण "मला येत नाही" आणि "मला तिथे जमलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चौदाव्या वर्षी त्या एकच वाटतात.

आणि आता व्हर्नियर. तुमचं पत्र वाचताना मी इथे आले आणि हसूच आलं मला, माफ करा. अहो ताई, तुमचे मिस्टर लेथवर आहेत ना? मग व्हर्नियर त्यांच्या हातात दिवसातून पन्नास वेळा असतो! माझा मोठा भाऊ भोसरीला टर्नर होता. त्याचा स्वतःचा व्हर्नियर होता, जपानी मितुतोयो, पहिल्या बोनसमधून घेतलेला, काळ्या रेक्झिनच्या पाकिटात, आणि ते पाकीट डब्याच्या पिशवीत डब्यापेक्षा जपून ठेवलेलं. आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. पुढे मी शाळेत व्हर्नियर शिकवायला लागले तेव्हा लॅबमध्ये साठ मुलं आणि चार व्हर्नियर, त्यातल्या एकाचा स्क्रू गेलेला. मुलं फळ्यावरच्या चित्रावरून वाचन शिकायची. तुमच्या मुलीचं पण तेच झालं असणार, चित्रातला व्हर्नियर तिला वाचता येत असेल, हातातला कधी धरलाच नाही. हातातला थंड लागतो, जड असतो, डोळा जरा तिरका झाला की रेघ सरकते, हे चित्रात कुठून कळणार?

तर या रविवारी मिस्टरांना सांगा की व्हर्नियर घरी आणा. क्लासची फी राहू दे, व्हर्नियर आणा. आणि दोघांना जेवणाआधी बसवा. एक रुपयाचं नाणं, बांगडी, तुमच्या मशीनची बॉबिन, पोळपाटाची कड, काय वाटेल ते मोजू द्या. त्यांनी तिला दाखवावं की जबडे बंद केल्यावर दोन्ही शून्य जुळतायत का हे आधी बघायचं, नाही जुळले तर तेवढी चूक प्रत्येक मापातून वजा किंवा अधिक करायची, पुस्तकात त्याला शून्य त्रुटी म्हणतात आणि मिस्टर काय म्हणत असतील ते त्यांनाच विचारा. मग एक मजा होईल. शाळेतला व्हर्नियर 0.01 सेंटिमीटरपर्यंत मोजतो, म्हणजे 0.1 मिलिमीटर. वर्कशॉपमधला बहुतेक 0.02 मिलिमीटरपर्यंत जातो. ती विचारेल असं का, कारण पुस्तकात दहाच रेघा असतात आणि याच्यावर पन्नास. मिस्टरांना सूत्र सांगता येईल न येईल, पण एक मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर प्रत्येक भाग किती हे ती स्वतःच काढेल, आणि त्या दोन शतांशासाठी जॉब रिजेक्ट होतो हे बाबा सांगतील. हे 54 हजारवाल्या क्लासमध्ये मिळत नाही, लिहून देते.

मला वाटतं मिस्टरांना वाटत असणार की आपण कमी शिकलेलो, पोरीच्या अभ्यासात आपला काय उपयोग, म्हणून पैसे तरी उभे करू. बरेच बाप असेच गप्प बसतात. त्यांना हे पत्र वाचून दाखवा हवं तर, मला चालेल.

बाकी स्पर्धा कुठल्या द्यायच्या, तर मी म्हणेन आत्ता एकही नाही, निदान परीक्षा संपेपर्यंत. शाळेतले सर नाव घालतील, त्यांना तुम्ही नम्रपणे सांगा की यावेळी नको. शाळेला फलकावर नाव हवं असतं, त्यात वाईट काही नाही, मी पण तेच करायचे, पण शिक्षकाला नाही म्हटलेलं चालतं. आणि शाळेत त्या दीडशे-दोनशे रुपयांच्या ऑलिम्पियाडच्या चिठ्ठ्या येतात ना, प्रत्येक विषयाला वेगळी, त्या तर खुशाल परत पाठवा. ऑलिम्पियाड हे नाव कुणीही लावू शकतं. मेडल वर्गातल्या निम्म्या मुलांना मिळतं, आमच्या स्टाफरूममध्ये त्या मेडलांच्या रिबिनी फायली बांधायला वापरायचो आम्ही.

खरं ऑलिम्पियाड वेगळं आहे आणि तुमची मुलगी कोडी सोडवत बसते म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. त्याची व्यवस्था मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. नाव सारखं असलं तरी या केंद्राचा आणि तुमच्या लेकीने दिलेल्या परीक्षेचा संबंध नाही. गणिताची पहिली पायरी आयओक्यूएम नावाची परीक्षा, बहुतेक सप्टेंबरमध्ये असते, तीन तास, 30 प्रश्न, 100 मार्क, आणि पर्यायच नसतात, उत्तर म्हणजे दोन अंकी संख्या. तुक्का चालत नाही. पुढे विभागीय पातळीची आरएमओ, मग राष्ट्रीय पातळीची आयएनएमओ, तिथे सहाच गणितं आणि साडेचार तास. त्यातून निवडून देशाची सहा जणांची टीम आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जाते, 2024 ला या टीमने इंग्लंडमध्ये चार सुवर्णपदकं आणली, भारताचा चौथा नंबर आला. तुमच्या मुलीने तिथे जायचं असं मी अजिबात म्हणत नाहीये! म्हणतेय एवढंच की त्या पहिल्या पेपरचे जुने प्रश्न फुकट मिळतात आणि ते ज्याला कोडी आवडतात त्याला आवडतात. इंग्लिश गणिती शब्दांची थोडी सवय करावी लागेल, ती महिन्याभरात होते.

एक चाचणी करून बघा. रात्री जेवताना सहज विचारा: 1 ते 100 मधल्या किती संख्या अशा आहेत की ज्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते? म्हणजे 6 ला 1, 2, 3, 6 असे चार विभाजक आहेत, तर तो नाही. 9 ला 1, 3, 9 असे तीन, तर तो चालतो. उत्तर मी इथे देत नाही, तुम्हीही शोधून सांगू नका. पहिल्या दिवशी ती शंभर ओळींची यादी करत बसेल कदाचित. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मध्येच "आई, मला कळलं का ते" असं म्हणत आली तर समजा की पोरगी स्पर्धांना कंटाळली आहे, गणिताला नाही. मग सुट्टीत तिला एरंडवण्याला दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये घेऊन जा. प्राध्यापक श्रीराम अभ्यंकरांनी 1976 ला सुरू केलेली संस्था आहे, तिथे शाळेतल्या मुलांचे ऑलिम्पियाडचे वर्ग चालतात, चौकशी समक्ष जाऊन करा. धायरीहून लांब पडतं, मान्य आहे, पण एकदा जाऊन बघायला काय जातंय.

आणि प्रॅक्टिकलची भीती बसली असेल तर सेनापती बापट रोडला भारतीय विद्या भवनचं मुक्तांगण विज्ञान केंद्र आहे, तिथे मुलं स्वतःच्या हाताने प्रयोग करतात. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते, गर्दी प्रचंड पण पोरांचे चेहरे बघण्यासारखे. आयुकावरून आठवलं, तिथले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर मुलांना नुसती सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे तसं एक कार्ड होतं, तिने ते लॅमिनेट करून घेतलं होतं आणि परीक्षेला कंपासमध्ये घेऊन यायची.

पुढच्या पैशांची आत्तापासून काळजी करत असाल तर थोडक्यात सांगते. बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सला केंद्रीय प्रवेशातून ॲडमिशन मिळालेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ आहे. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत. बीएस्सीला जाऊन शास्त्रच शिकायचं म्हणाली तर इन्स्पायर आहे, वर्षाला 80 हजारांची, पण त्यासाठी बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात यावं लागतं. उत्पन्नाचा दाखला मात्र दरवर्षी वेळेत काढून ठेवा, जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एप्रिलमध्ये जा.

आणि एनएमएमएसचे पहिले 12 हजार आले की त्याचं काय करायचं हे तिला विचारा. सगळे नाही तर दोन हजार तरी तिच्या मर्जीने खर्च होऊ देत. अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकं आणेल, नाहीतर मैत्रिणींना पाणीपुरी खायला घालेल. तिने मिळवलेत.

क्लासला नाही म्हणायचं काम मिस्टरांवर सोडू नका, ते भिडस्त असतील तर पुन्हा अडकतील. तुम्हीच फोन करा. तिकडून लगेच सूट 40 ची 60 टक्के होईल बघा, "मॅडम, मुलगी फार ब्राइट आहे हो" म्हणतील. तुम्ही फक्त म्हणा, हो, माहिती आहे आम्हाला, आणि फोन ठेवा.